खाऱ्या वाऱ्यात डिश लावताना पैसे कुठे घालावेत?

गोव्याच्या किनाऱ्यावर मोरजीला घर बांधणाऱ्या माझ्या मेव्हण्याचा प्रश्न होता, फ्री डिश घेऊ की महिन्याचे पैसे भरायचा डीटीएच? म्हटलं, ते मागाहून ठरव. फ्री डिशला मासिक भाडं नाही, डीटीएचला चॅनेल जास्त, एवढाच तो हिशेब. गच्चीवरचं सामान दोन्हीकडे जवळपास सारखंच, आणि किनाऱ्यावर दगा देतं ते हेच सामान.

सगळ्यात आधी कनेक्टर. केबलच्या टोकाला पिळून बसवायचा एफ-कनेक्टर स्वस्त, हत्यार लागत नाही, पाच मिनिटांत काम होतं. पण वाऱ्याने केबल हलत राहिली की तो सैल होतो आणि पाणी आत शिरतं. चवथीच्या आदल्या रात्री आमच्या टीव्हीवर चित्राचे चौकोन पडायला लागले. सकाळी शिडी लावून एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडला, तर तांब्याच्या तारेचं टोक हिरवंगार आणि आत पाण्याचा थेंब. बसवणाऱ्याने वर गुंडाळलेल्या काळ्या टेपचा डिंक मे महिन्याच्या उन्हातच सुटला होता. दाबून बसवायच्या कम्प्रेशन कनेक्टरला वेगळं हत्यार लागतं, थोडे पैसे जास्त जातात, पण तो केबलला घट्ट धरतो. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं.

केबल आरजी-6च (डिशसाठी नेहमी वापरतात ती) घ्या, पण आतली तार कसली ते विचारा. लोखंडावर तांब्याचा मुलामा असलेली तार सिग्नलला चालते, कारण एवढ्या उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. मात्र एलएनबीला लागणारी वीजही त्याच तारेतून जाते, तिला लोखंडाचा अडथळा जास्त, आणि कापलेल्या टोकाला मुलामा नसल्याने तिथून गंज धरतो. डिचोलीसारख्या आतल्या भागात मी ती खुशाल वापरीन, मोरजीला नाही. तिथे संपूर्ण तांब्याचीच.

दोन टीव्ही असतील तर? साधा स्प्लिटर सोयीचा, एकाच केबलवर भागतं. पण बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट देऊन एक ध्रुवीकरण, म्हणजे उभ्या किंवा आडव्या लहरी, निवडतो. दोन्ही ध्रुवीकरणांत चॅनेल असलेल्या सेवेवर एका खोलीत बातम्या लावल्या की दुसऱ्या खोलीतली मालिका जाऊ शकते. दोन स्वतंत्र जोडण्या असलेल्या ट्विन एलएनबीला दोन केबली ओढाव्या लागतात, पण भांडण मिटतं.

स्क्रू-नटबोल्ट स्टेनलेसचे. यावर चर्चाच नको.

राहिला पाऊस. जुलैच्या धो धो सरीत केयू बँडचा (या डिश ज्या वारंवारतेवर चालतात तिचा) सिग्नल जातो तो जातोच, कनेक्टर कितीही चांगला असो. 60 सेंटिमीटरऐवजी 90ची डिश लावली तर थोडा जास्त वेळ तग धरते, पण वाराही बराच जास्त अडवते, म्हणून पाया भक्कम हवा. आता दिशा: फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 गोव्यातून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर असतो. ऑफसेट डिश (घरोघरी असते ती, एलएनबी खालच्या बाजूला असलेली) तोंड आहे त्याहून बरीच वर बघत असते, त्यामुळे मेव्हणा तोडायला निघालेला माड मुळात आड येतच नव्हता.