गिंतामा की द गुडीज? पडेल ते काम करणाऱ्या दोन टोळ्या

दोन्हीकडे तिघं आणि एक एजन्सी, काम कुठलंही आणा. गुडीज ही ब्रिटिश कॉमेडी सिरीयल, बीबीसीवर १९७० ला सुरू झाली, टिम, ग्रॅम आणि बिल, तिघं एकाच तीन सीटच्या सायकलवरून कामाला निघतात, त्यातला किटन काँगचा एपिसोड तर बघाच, ग्रॅमच्या औषधाने मांजराचं पिल्लू एवढं वाढतं की लंडनचा पोस्ट ऑफिस टॉवर पाडतं आणि मग हे तिघं उंदराचे कपडे घालून त्याला आवरायला जातात.

गिंतामा हिदेआकी सोराचीचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, २००३ पासूनचा, त्यावरचा अ‍ॅनिमे (कार्टून सिरीयल) २००६ ला आला. एलियन्सनी ताब्यात घेतलेलं एडो शहर (जुनं टोकियो) आणि त्यात गिंतोकी, शिनपाची, कागुरा. इथेही अवाढव्य प्राणी आहेच, सादाहारू कुत्रा, तो सरळ गिंतोकीचं डोकं तोंडात धरतो 😂

निव्वळ धिंगाणा हवा असेल तर गुडीज, कुठलाही एपिसोड लावा चालतो. पण मला विचाराल तर गिंतामाच, कारण तिथे भाडं थकलेलं असतं, घरमालकीण ओतोसे दारात उभी असते आणि तरी हे तिघं एकमेकांना सोडत नाहीत, हसता हसता अचानक गळा दाटून येतो यार. फक्त सुरुवातीचे एपिसोड जरा संथ आहेत, धीर धरा.