खाऱ्या वाऱ्याचा गंज म्हणून पुराची गाडी गळ्यात मारली

देवगडला आमच्या घरात माणसं सात. आईबाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला न्यावं लागतं आणि ते एकटे कधीच जात नाहीत. आई सोबत हवीच, आणि आई निघाली की आत्या निघते. प्रत्येक वेळी भाड्याची गाडी करून हैराण झालो होतो. २०२३ च्या आंब्याचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, आता घरची सात सीटर घ्यायची.

नवी घ्यायची की जुनी यावर घरात महिनाभर चर्चा झाली. ईको तेव्हा सगळ्यात स्वस्त, पण सात माणसं भरून फोंडा घाट चढायचा तर जीव जातो तिचा, आणि मागच्या सीटवर म्हाताऱ्या माणसांना धक्के बसतात. ट्रायबर बघितली. चार मीटरच्या आत बसवलेली सात सीटची गाडी, किंमतही आवाक्यातली. पण तिसरी रांग उभी ठेवली की डिकीत ८४ लिटर जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. एर्टिगा सगळ्यांना आवडली, पण नवी ऑन-रोड दहा लाखांच्या पुढे जात होती. म्हणून जुनी एर्टिगा शोधायला लागलो. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग पडतं, म्हणून शक्यतो रोखीनेच घ्यायची असंही ठरलं.

गावातल्याच एका ओळखीच्या माणसाने रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गाला लागून असलेल्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डाचं नाव सुचवलं. "आपला माणूस आहे, फसवणार नाही," हे त्याचं वाक्य. यार्डवाल्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण काय काय झालं ते सगळं लिहितो, कारण अशा गाड्या अजून विकल्या जात आहेत.

गाडी २०१७ ची पेट्रोल एर्टिगा, एमएच-०८. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. एकच मालक, चिपळूणचे डॉक्टर. पांढरी स्वच्छ बॉडी, चारही टायर नवे, सीटना नवी कव्हरं, खाली गालिच्यावर लॅमिनेशनचं नवंकोरं आच्छादन घट्ट बसवलेलं, आत अत्तराची बाटली. सहा लाखांच्या वर सांगितलेली किंमत बोलता बोलता ५ लाख ६५ हजारांवर आली. मी मोबाइलवर एमपरिवहन हे सरकारी अॅप उघडून नंबर टाकला. नोंदणीची तारीख बरोबर, मालक एक, बँकेचा बोजा उतरलेला, काळ्या यादीत नाही. माझ्या मनातली शंका तिथेच संपली.

सोबत आमच्या वाडीतला मेकॅनिक होता. त्याने गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितली. सायलेन्सर, खालचे आर्म, नटबोल्ट, सगळीकडे गंज आणि त्यावर काळं अँटीरस्ट ताजं फवारलेलं. त्याने विचारलं. यार्डवाला जराही न चाचरता म्हणाला, "समुद्रकाठची गाडी आहे हो. खारा वारा. तुमच्या देवगडात नवी गाडी दोन वर्षांत अशीच होते, माहीत नाही का तुम्हाला?"

माहीत होतं, म्हणूनच तर पटलं. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन पावसाळ्यांनी रंगवावे लागतात. माझ्या स्कूटरचा सायलेन्सर एकदा गळून पडलाय. गंज बघायची इतकी सवय आहे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना, की तो कुठे आहे आणि कुठून आलाय हे विचारायचं आम्ही सोडून दिलंय. या माणसाने नेमकी तीच सवय हेरली.

फक्त आईने एक गोष्ट सांगितली होती. गाडी घरी आणली, पूजा झाली, नारळ फोडला, आई मधल्या सीटवर बसली आणि म्हणाली, "झिला, ह्या गाडयेक भिजलेल्या गोणपाटाचो वास येता माका." मी म्हटलं, "अगं, एसीचा असेल, बंद होती ना बरेच दिवस." काचा उघड्या ठेवून दोन दिवस उन्हात लावली. वास गेला असं आम्हीच ठरवलं.

पाऊस लागला आणि तो वास परत आला. मग एकेक सुरू झालं. डावीकडची मागची काच खाली जाईना. एअरबॅगचा दिवा लागला, दोन दिवसांनी आपोआप गेला, पुन्हा लागला. सेंट्रल लॉक मध्यरात्री एकटंच उघडायचं. इलेक्ट्रिशियन बघायचा, एखादा कनेक्टर साफ करायचा, हजार-दोन हजार घ्यायचा. आठ दिवस बरे जायचे.

गणपतीच्या आधी, सप्टेंबरात, बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो. फोंडा घाटात धुकं होतं. एका वळणावर डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग जड झालं. या गाडीत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते, ती तुटली. फिरतच नाही असं नव्हतं, पण एवढं जड की दोन्ही हातांनी सगळी ताकद लावून ते वळण घेतलं. समोरून ट्रक खाली येत होता. गाडी जेमतेम डोंगराच्या बाजूला लावली. मागे बाबा छातीवर हात ठेवून बसले होते आणि कोणीच काही बोलत नव्हतं. त्या पाच मिनिटांसाठी मी त्या यार्डवाल्याला कधीच माफ करणार नाही.

कोल्हापुरात गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या मेकॅनिकने पुढच्या सीट काढल्या, लॅमिनेशन उचललं, खालचा गालिचा उलटला आणि मला बोलावून घेतलं. गालिच्याखालच्या फोमवर राखाडी गाळाचा थर, सुकून पोपडे धरलेला. आमच्या अंगणातली माती तांबडी, जांभ्याची. ती ही नव्हे. सीटच्या रुळांचे बोल्ट खाऊन गेलेले. दोन्ही सीटच्या मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचा कंट्रोलर असतो, त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या. मग त्याने तिसऱ्या रांगेचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. पुढचे बेल्ट धुतले होते, मागचा कोणी ओढून बघणार नाही असं धरून तसाच सोडला होता.

"पुराची गाडी आहे," तो म्हणाला.

गाडी माझ्या नावावर झाली होती, त्यामुळे त्याने संगणकावरची जुनी सर्व्हिसची नोंद मला दाखवली. जून २०२१ मध्ये गाडी ७१ हजार किलोमीटर चाललेली होती. पुढची नोंद ऑगस्ट २०२१ ची: आत पाणी शिरलेलं, दुरुस्तीचा अंदाज काढला, दुरुस्ती केली नाही, गाडी बाहेर गेली. त्यानंतर काहीच नाही. मीटर ४८ हजारांवर कसा आला तेही तेव्हाच कळलं. पाण्याने मूळ मीटर गेला, तेव्हा दुसऱ्या एखाद्या गाडीचा काढून बसवला, त्यावर असेल तो आकडा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठ, बसस्थानक, सगळं बुडालं होतं. पूर ओसरल्यावर आम्ही देवगडहून टेम्पोत पाणी आणि धान्य भरून तिकडे गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना चिखलाने माखलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, काही एकमेकींवर चढलेल्या. या गाड्यांचं पुढे काय होत असेल हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही.

काय होतं ते आता समजलंय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात भंगारवाले, यार्डवाले उचलतात. यात बेकायदा काही नाही. कोणी ती दुरुस्त करून, 'ही पुरात बुडालेली आहे' असं सांगून त्या किमतीला विकली तर माझी तक्रार नाही. पण गाडी धुऊन, लॅमिनेशन लावून, अत्तर मारून, डॉक्टरांची म्हणून विकणं ही फसवणूक आहे. पाण्यात बुडालेली वायरिंग लगेच मरत नाही, हे यातलं सगळ्यात वाईट. तांबं आतून हळूहळू खाल्लं जातं. उन्हाळ्यात गाडी गुळगुळीत चालते, आणि दोन वर्षांनी कोणाला तरी घाटात गाठते.

आरसीवरून मी मूळ मालकांचा पत्ता काढला आणि चिपळूणला जाऊन भेटलो. डॉक्टर खरोखरच डॉक्टर होते. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि त्यांची बाजू सांगितली. विम्याचे पैसे मिळाले तेव्हा गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर, ते कोरे असतानाच, सह्या घेतल्या होत्या. पुढे काय झालं त्यांना ठाऊक नव्हतं. मधल्या काळात त्यांच्या मोबाइलवर दोन ई-चलान आली होती, पनवेलकडची. गाडी निदान तीन हातांतून फिरली, पण कोणीही स्वतःच्या नावावर केली नाही, म्हणून कागदावर 'एकच मालक'. मी ज्या नोंदीवर विश्वास ठेवला ती खोटी नव्हतीच. त्या काळात गाडीने एखाद्याला उडवलं असतं तर पोलीस या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले असते. तुमची गाडी विम्यात गेली असेल किंवा एजंटाला दिली असेल, तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका आणि नाव बदलल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि विकायला आलेली गाडी आपल्या ताब्यात आल्याचं कळवावं लागतं. मी मेअखेरीस गाडी घेतली, म्हणजे नियम लागू होता. त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का, हे मी विचारलंच नाही. पैसे घेतल्याची पावती त्याने साध्या कागदावर दिली होती, तीवर 'गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली' असं वाक्य. ती सही माझी.

विम्याचंही तसंच. माझ्या हातात थर्ड पार्टीची, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी, ताजी पॉलिसी ठेवली आणि "फुल तुमच्या आवडीचा काढा" असं म्हणाला. मी जुनी पॉलिसी मागायला हवी होती. गाडीवर क्लेम न घेता वर्षं गेली की नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, चढत जातो: २०, २५, ३५, ४५, शेवटी ५० टक्के. मालक तोच असताना चार-पाच वर्षांच्या गाडीच्या फुल पॉलिसीवर तो शून्य असेल तर बहुधा क्लेम झालाय, आणि कशाचा ते विचारायलाच हवं. जुनी पॉलिसी दाखवायला टाळाटाळ केली तर मी आता त्या गाडीजवळ थांबणारही नाही.

किनाऱ्यावरच्या माझ्या लोकांना गंजाबद्दल नीट सांगतो. खाऱ्या वाऱ्याचा गंज बाहेरून येतो. सायलेन्सर, चाकांवरच्या कमानी, दरवाजांचे खालचे काठ, बॉनेटच्या बिजागऱ्या, हे त्याचे नेहमीचे ठिकाण. गालिच्याखाली, सीटच्या रुळाच्या बोल्टांवर, सीटच्या आतल्या स्प्रिंगवर, ब्रेकच्या पॅडलच्या वरच्या स्क्रूवर तो सहसा पोचत नाही. तिथे गंज असेल तर आत पाणी उभं राहिलं होतं. सीटखाली हात घाला, बोटं काळी झाली तरी चालतील. लॅमिनेशन नवं असेल तर एक कोपरा उचलू द्या म्हणावं, नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तिसऱ्या रांगेचे आधी. आणि मालकालाच सोबत घेऊन अधिकृत वर्कशॉपमधून जुनी नोंद काढा. मी तपासणीवर एक दिवस आणि हजार-दीड हजार खर्च केला असता तर पुढचे लाखभर वाचले असते.

यार्डवाल्याकडे गेलो तेव्हा आधी तो ओळखेना, मग रागावला, मग म्हणाला, "मलाही तशीच मिळाली." शेवटी ६० हजार परत दिले आणि विषय संपला म्हणाला. माझ्यासाठी तो संपलेला नाही. सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. वर्कशॉपचा लेखी अहवाल, गाळाचे फोटो, जुनी सर्व्हिस नोंद जोडली आहे. तारखा पडत आहेत.

गाडी सध्या कलमांच्या बागेत मांगराजवळ ताडपत्रीखाली आहे. गेल्या महिन्यात सावंतवाडीहून एक जण बघायला आला होता, कोणाकडून तरी कळलं म्हणून. घरात लहान मूल, आजारी सासू, त्याला सात सीटरच हवी होती. बॉडी बघून खूश झाला, पैसे सोबत आणले होते. मी त्याला तिसऱ्या रांगेचा बेल्ट ओढायला सांगितला. त्याने ओढला, रेघ बघितली, मग मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला, आईने दिलेलं सरबत प्यायला आणि एसटीची वेळ विचारून निघून गेला.