काही महिने 'यात्रा वन' वापरल्यावर

फोंड्याला भजनी मंडळांचे, जत्रेतल्या नाटकांचे फलक आणि पत्रिका करून देणे हे माझे काम. गेले काही महिने मथळ्यांसाठी 'यात्रा वन' हाच फाँट हाताशी आहे, आणि मथळ्यापुरते बोलायचे तर दुसरा शोधावासा वाटत नाही.

कॅथरीन ली श्मिट यांनी तो मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवला. गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, लायसन्स खुले आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामातही बिनघोर वापरता येतो.

ब्रशचे म्हणून जे फाँट मिळतात त्यांतल्या बऱ्याच जणांत फराटे आणि शिंतोडे एवढाच मालमसाला असतो. इथे कडा स्वच्छ आहेत. ब्रश जाणवतो तो रेषा जाड-बारीक होते तिथे, आणि 'म', 'भ' यांतल्यासारख्या गाठींत. त्या पेंटर सोडतो तशा मोकळ्या आहेत, म्हणून रस्त्यापलीकडूनही अक्षर गिचमिड होत नाही.

गोव्यात पाटीवर देवनागरीशेजारी रोमन हटकून लागते, तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या फलकांवर तर रोमनच. या फाँटची इंग्रजी अक्षरेही देवनागरीसाठी ब्रश धरतात त्या तिरक्या कोनात ओढलेली आहेत, त्यामुळे नेहमीच्या जागची जाडी भलतीकडे जाते. म्हापशाच्या एका दुकानदाराने पाहताक्षणी विचारले, "हें इंग्लीश कितें अशें वाकडें?" देवनागरी नावाखाली ते लावून दाखवले, मग पटले. दोन्ही ओळी एकाच हाताच्या वाटतात, आणि हे मला इतर फाँटांत क्वचितच मिळाले आहे.

हाताचा आभास फुटतो तो अक्षरे परत आली की. 'जय जय राम कृष्ण हरी' मोठ्या फलकावर टाका; दोन्ही 'जय' छापाचे, तंतोतंत. पेंटरचा दुसरा 'जय' असा येणारच नाही. मी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून, दुसऱ्या 'य'चा काना किंचित खाली ओढतो, 'ज'चा फाटा थोडा वळवतो. एवढ्याने काम भागते.

जाडी मात्र एकच. सॉफ्टवेअरचे बोल्डचे बटण दाबू नका, गाठी बुजतात. कलाकारांची नावे, वेळ, देवस्थानाचा पत्ता यांना मी 'मुक्त' हा फाँट घेतो. त्यात 7 जाड्या आहेत आणि बारीक आकारातही वाचता येते. लग्नपत्रिकेला 'यात्रा वन' नकोच, नवरानवरी स्टेशनांची नावे वाटतात.

छपाईला देताना सगळे कर्व्ह करूनच द्या. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे नीट बसलेली असतात, पण एका फ्लेक्सवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरात ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली होती आणि 'श्री'चे तुकडे झाले होते. कर्व्ह न केलेली फाइल मात्र जपून ठेवा. आमच्याकडे नाटकाच्या आदल्या दिवशी एखादा नट बदलतोच, आणि आयोजकांचा फोन येतो तो रात्री जेवायला बसल्यावर.