‘१९६८ चा’ मार्शल विकत घेताना झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये एका खासगी विक्रेत्याकडून जुना गिटार ॲम्प्लिफायर घेताना माझी साडेचार हजार पौंडांची फसवणूक झाली. पुण्या-मुंबईतले गिटार वाजवणारे मित्र अशा जाहिराती मला वारंवार पाठवतात आणि ‘तू तिकडेच आहेस, तर जरा बघून घे’ असे सांगतात. त्यांच्यासाठी आणि अशी खरेदी करू पाहणाऱ्या इतरांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. त्याने वापरलेली युक्ती कोणीही वापरू शकतो, त्यामुळे ती युक्ती नीट समजणे अधिक महत्त्वाचे आहे.

जाहिरातीत लिहिले होते : पन्नास वॉटचा मार्शल (या ब्रिटिश कंपनीचा) हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, १९६८ मध्ये बनलेला, प्लेक्सी पॅनेल, आतून कोणी हात न लावलेला. यातल्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे. जिम मार्शल यांनी पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या आपल्या दुकानातून १९६२ मध्ये ॲम्प्लिफायर विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पहिल्या जेटीएम४५ चे सर्किट अमेरिकन फेंडर बासमनवरून घेतलेले होते. पुढे भाग बदलत गेले, केटी६६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या नळीच्या) जागी ईएल३४ आले, आवाज अधिक तिखट आणि आक्रमक झाला. साधारण १९६९ च्या मध्यापर्यंत या ॲम्पना सोनेरी रंगाचे ॲक्रिलिकचे पॅनेल असे आणि त्यानंतर त्याची जागा सोनेरी ॲल्युमिनियमने घेतली. आज ‘प्लेक्सी’ म्हणून जे ॲम्प ओळखले जातात, ते या ॲक्रिलिक पॅनेलच्या काळातले. पॅनेलचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही, परंतु किंमत मात्र त्या पॅनेलकडे पाहूनच ठरते आणि फसवणाऱ्याचे सगळे काम तिथेच सोपे होते.

त्या काळच्या रॉकमध्ये ऐकू येणारा फाटका पण भरदार आवाज नेमका कुठून येतो, हे माहीत असल्याशिवाय ही फसवणूक कळत नाही. या ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आधीचे टप्पे जोरात चालू ठेवूनही शेवटचा आवाज कमी करणारा नॉब, नव्हता. दोन चॅनेल, चार इनपुट, प्रत्येक चॅनेलला एक व्हॉल्यूम, आणि नंतर ट्रेबल, मिडल, बास, प्रेझेन्स, एवढेच नॉब. आवाज वाढवत नेला की आधी प्रीॲम्पचे (गिटारचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या पहिल्या भागाचे) छोटे व्हॉल्व्ह, मग फेज इन्व्हर्टर (आउटपुट व्हॉल्व्हना संकेत पुरवणारा टप्पा) आणि शेवटी ईएल३४ हे सगळे आपापल्या मर्यादेपलीकडे ढकलले जातात, त्याच वेळी आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरही ताण येतो आणि तारेवर बोट जोरात पडले की आवाज किंचित दबून पुन्हा फुलतो. वाजवणाऱ्याला बोटाखाली जाणवणारा हा दाब आणि त्याचे सैल होणे, हेच या आवाजाचे मर्म आहे असे मी मानतो. त्यात भर पडते ती स्पीकरची : बारा इंची, पंचवीस वॉटचे सेलेशन जी१२एम, ज्यांना मागच्या हिरव्या झाकणामुळे ग्रीनबॅक म्हणतात. जोरात वाजवल्यावर तेही आवाजाला आपला रंग देतात.

याचा सरळ अर्थ असा की खरा प्लेक्सी हळू आवाजात बराचसा स्वच्छ वाजतो. व्हॉल्यूम दोनवर ठेवून त्यातून भरपूर डिस्टॉर्शन (फाटका आवाज) निघत असेल, तर एकतर मध्ये पेडल (आवाज बदलणारे पायाने चालवायचे यंत्र) आहे किंवा आतले सर्किट बदललेले आहे.

विक्रेत्याने ॲम्प आपल्या गॅरेजमध्ये मांडला होता. शेजाऱ्यांची तक्रार येते म्हणून आवाज कमी ठेवावा लागतो, असे त्याने मी पोहोचताच सांगितले, आणि तरीही त्याने वाजवलेल्या पहिल्या कॉर्डमध्ये अगदी ओळखीचा, दाट, फाटका आवाज होता. गिटारची केबल थेट ॲम्पच्या इनपुटमध्ये जात होती, मध्ये पेडल नव्हते. व्हॉल्व्ह फार चांगले आहेत, त्यामुळे हा ॲम्प लवकर खुलतो, असे स्पष्टीकरण त्याने दिले. मागची जाळी काढून आत पाहू का, असे विचारल्यावर आत चारशे व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, नवख्याने हात घालू नये, असे त्याने बजावले. ही माहिती खरी आहे; प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागांमध्ये प्राणघातक भार काही काळ टिकू शकतो. पण खऱ्या धोक्याचा आधार घेऊन त्याने तपासणी टाळली. पैसे बँकेतून थेट खात्यात घेतले आणि पावतीवर वर्णन लिहून दिले. त्या पावतीचा पुढे उपयोग झाला.

काही दिवसांनी ॲम्पमधून गुणगुण येऊ लागली आणि एक ईएल३४ आतून लालबुंद होऊ लागला, म्हणून मी तो पश्चिम लंडनमध्ये व्हॉल्व्ह ॲम्पच दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेला. त्याने चासी (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) बाहेर काढून उलटी ठेवली आणि मला जवळ बोलावले. १९६८ च्या मार्शलमध्ये जाड बोर्डावर धातूचे छोटे खुंट ठोकलेले असतात, प्रत्येक खुंटावर तार आणि कपॅसिटर हाताने डाग देऊन जोडलेले असतात आणि त्यात मोहरीच्या रंगाचे मलार्ड कंपनीचे कपॅसिटर ठळक दिसतात. इथे मात्र छापील सर्किट बोर्ड होता. मार्शलने हे छापील बोर्ड १९७३-७४ च्या सुमारास आणले, म्हणजे ॲम्प निदान पाच-सहा वर्षे नंतरचा होता. नॉब आणि नट काढून मूळ ॲल्युमिनियमचे पॅनेल उतरवायचे आणि बाजारात उघडपणे मिळणारे नवे ॲक्रिलिक पॅनेल बसवायचे, हे तासाभराचे काम आहे. मागचे पॅनेलही असेच बदललेले होते. मूळ ॲल्युमिनियमच्या मागच्या पॅनेलवर अनुक्रमांक आणि त्याच्याशेजारी वर्षाचे अक्षर असते. ते पॅनेलच गेल्यावर तो पुरावाही गेला होता.

सत्तरच्या दशकातला छापील बोर्डाचा मार्शल वाईट नसतो. योग्य वर्ष सांगून आणि योग्य किमतीला विकला असता, तर मी आनंदाने घेतला असता. पण आतले काम यापुढेही गेलेले होते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ड्रेक कंपनीचा नव्हता. पन्नास वॉटच्या मॉडेलवर सापडणारा ७८४-१३९ हा ड्रेकचा क्रमांक कुठेच नव्हता, आणि जागेवर एक शिक्का नसलेला, आकाराने लहान ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. मागच्या बाजूला स्पीकरसाठी दोन जॅक असायला हवे होते, त्यातल्या एकाच्या भोकात फेज इन्व्हर्टरनंतरचा मास्टर व्हॉल्यूम बसवला होता आणि प्रीॲम्पच्या टप्प्यात गेन (संकेताची वाढ) वाढवणारा बदल केलेला होता. गॅरेजमधल्या हळू पण फाटक्या आवाजाचे कारण हे होते. मार्शलने स्वतः मास्टर व्हॉल्यूमची मॉडेल १९७५ मध्ये आणली, त्यामुळे ‘१९६८ चा, हात न लावलेला’ हे वर्णन या एका नॉबनेच खोटे ठरत होते.

व्हॉल्व्हचीही तीच गत. काचेवर मलार्ड हे नाव पांढऱ्या रंगात छापलेले होते, पण ते छापील नाव बोटाने पुसले जाते आणि पुन्हा छापताही येते. ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या खऱ्या मलार्ड ईएल३४ वर काचेच्या तळाजवळ कोरल्यासारखा फिकट करडा कोड असतो, उदाहरणार्थ एक्सएफ२, आणि त्याखाली बी या अक्षराने सुरू होणारी ओळ. ती अक्षरे प्रकाशात तिरकी धरूनच दिसतात. माझ्या व्हॉल्व्हवर त्यांचा मागमूस नव्हता. मलार्ड हे नाव घेऊन आज रशियात बनणारे व्हॉल्व्हही मिळतात आणि ते कामाला चांगले असतात. ते जुने ब्रिटिश म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

जाहिरातीतल्या आकड्यांबद्दलही सावध राहावे. १९५९ हा शंभर वॉटच्या सुपर लीडचा आणि १९८७ हा पन्नास वॉटच्या हेडचा मॉडेल क्रमांक आहे. १९५९ साली मार्शलचा एकही ॲम्प्लिफायर अस्तित्वात नव्हता, तरी ‘१९५९ मार्शल’ अशी जाहिरात वाचून ते वर्ष समजणारे ग्राहक भेटतात.

कारागिराने फोटोंसह लेखी अहवाल दिला. ब्रिटनमध्ये खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला दुकानातल्या खरेदीइतके संरक्षण नाही, पण १९७९ च्या वस्तुविक्री कायद्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, हा नियम खासगी विक्रेत्यालाही लागू आहे. म्हणून पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि अहवाल जोडून, ठरावीक मुदतीत पैसे परत न केल्यास दिवाणी न्यायालयात छोट्या दाव्यांच्या मार्गाने जाईन, असे पत्र मी त्याला पाठवले. जाहिरात तोपर्यंत त्याने काढून टाकली होती. स्क्रीनशॉट नसता तर वर्णनाचा अर्धा पुरावा गेला असता. त्याने आधी दुर्लक्ष केले, नंतर किमतीची रक्कम परत केली आणि ॲम्प घेऊन गेला. कारागिराची फी मात्र मला मिळाली नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चासीच्या आतले फोटो मागावेत : बोर्ड, दोन्ही ट्रान्सफॉर्मरवरचे शिक्के, मागचे सर्व जॅक आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या तळाचा कोड. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) सोबत घेत असाल तर स्पीकरवर ठोकलेला तारखेचा कोड पाहावा आणि कोन मूळचा आहे की नवा बसवलेला, हेही विचारावे, कारण तारखेचा शिक्का असलेला सांगाडा तसाच राहतो आणि आवाज देणारा कागद बदललेला असतो. फोटो द्यायला नकार मिळाला, तर अनुभवी कारागिराला सोबत नेण्याची परवानगी मागावी आणि तीही नाकारली गेली तर व्यवहार सोडून द्यावा.

तोच ॲम्प अलीकडे पुन्हा विक्रीला आल्याचे एका मित्राने दाखवले. वर्ष या वेळी १९६७ लिहिले आहे, किंमत पाचशे पौंडांनी वाढली आहे आणि मागच्या बाजूचा एकही फोटो दिलेला नाही.