स्पॅनिश उच्चारांचं अ‍ॅप: सहामाही वर्गणी भरण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात खात्यातून अठराशे रुपये परस्पर वजा झाले. स्पॅनिश मुळाक्षरं आणि उच्चार शिकवणाऱ्या अ‍ॅपची सहामाही वर्गणी आपोआप पुढे चालू झाली होती. तक्रार केली, तर छापील उत्तर आलं: नूतनीकरण अटींमध्ये नमूद आहे, परतावा मिळणार नाही. पुन्हा सविस्तर लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव बदललेलं. अठराशे रुपयांत आमच्या घरचं वीजबिल आणि गॅस सिलिंडर भागतो. म्हणून आता जे काय आहे ते स्पष्ट लिहिते. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण इंग्रजी भाषकांसाठी बनवलेलं असं कुठलंही अ‍ॅप घेतलंत तरी माझा मुख्य मुद्दा तुम्हाला लागू पडेल.

मी सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका पेढीत हळदीच्या निर्यातीची कागदपत्रं बघते. मेक्सिकोतला एक खरेदीदार मिळाला, त्यांच्या ऑफिसातल्या बाईंना इंग्रजी जेमतेम येतं, आणि फोनवर नावं-पत्ते अक्षर-अक्षर सांगून लिहून घ्यावे लागतात. मला व्याकरण नको होतं, आधी अक्षरं आणि उच्चार पक्के हवे होते. अ‍ॅप त्यासाठीच घेतलं.

धडे असे आहेत: सत्तावीस अक्षरं, प्रत्येकाचं नाव, आवाज, सरावाचे शब्द, मग माइकवर बोलून तपासणी. आवाज स्वच्छ आहेत, हळू करून ऐकता येतात. माझी तक्रार आहे ती प्रत्येक अक्षराखालच्या पिवळ्या चौकटीबद्दल. त्यात ‘इंग्रजीतल्या अमुक शब्दात येतो तसा’ असा दाखला असतो.

पहिलाच अनुभव सांगते. ‘टी’ अक्षराखाली लिहिलंय, ‘स्टॉप’ या शब्दातल्यासारखा उच्चार करा. अमेरिकन माणसाला हे बरोबर आहे, कारण त्याच्या तोंडून ‘टेबल’ म्हणताना हवेचा झोत निघतो आणि ‘स्टॉप’मध्ये तो निघत नाही. पण आपण ‘स्टॉप’ म्हणतो तेव्हा जीभ टाळूला लागते, खणखणीत ‘ट’ येतो. दाखला प्रामाणिकपणे पाळला तर टोमॅटोचं ‘तोमाते’ न होता ‘टोमाटे’ होतं. स्पॅनिशमधला आवाज सरळ आपल्या ‘तवा’मधला ‘त’ आहे! अ‍ॅपने ओठांपुढे कागद धरून हवा न सोडण्याचा सराव लावलाय, त्यावर धडेच्या धडे खर्च केलेत. प आणि फ, क आणि ख वेगळे म्हणायला आपण पहिलीत शिकतो. आपल्यासाठी हे सगळे धडे म्हणजे न वापरलेल्या पाण्याची पाणीपट्टी.

‘डी’चं याहून वाईट आहे. शब्दाच्या सुरुवातीला तो आपला ‘द’. दोन स्वरांच्या मध्ये आला की मऊ होतो, जीभ दातांना जेमतेम स्पर्श करते आणि हवा वाहती राहते, जसं ‘नादा’ या शब्दात. चौकट म्हणते, इंग्रजी ‘दिस’मधल्यासारखा. पण आपण ‘दिस’ म्हणतो तोच मुळी पक्क्या ‘द’ने. स्पेनमधल्या ‘सी’ आणि ‘झेड’च्या आवाजाला ‘थिंक’चा दाखला दिलाय, तिथेही आपण ‘थिंक’ मराठी ‘थ’ने म्हणतो. थोडक्यात, ज्या इंग्रजीचा आधार दिलाय ती इंग्रजी आपल्या तोंडात नाहीच. मी कंपनीला हे उदाहरणांसकट लिहून कळवलं. ‘अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच आलं.

शेवटी पिवळी चौकट बंद केली आणि वहीत देवनागरीत माझा तक्ता केला. झेड कधीच ‘झ’ नाही: मेक्सिकोत ‘सापातो’, म्हणजे बूट. एच लिहायचा पण म्हणायचा नाही, म्हणून ‘ओला’. ‘सीएच’ हा ‘चार’मधला च, ‘चमचा’तला नव्हे; देवनागरीत लिहिलं की ‘मुचो’ वाचताना ‘चोर’मधला च तोंडात येतो, तेवढं सांभाळायचं. ‘एन’वर नागमोडी रेघ असलेलं एन्ये हे अक्षर तर आपलं ञ आहे. शाळेत च छ ज झ ञ म्हणताना ज्याचा उपयोग कधी कळला नाही, तो ‘एस्पान्या’ म्हणताना कळला. जुन्या हस्तलिखितांत दोन ‘एन’ लिहिण्याऐवजी लेखनिक एकावर रेघ मारत, त्यातून हे अक्षर आलं. ही माहिती अ‍ॅपमध्ये आहे आणि छान सांगितलीय.

‘जे’ म्हणजे खोता, हा मात्र माझ्या तक्त्यात नीट बसेना. ‘ह’ लिहिला तर फार हलका, ‘ख’ लिहिला तर फार जड. आमच्याकडे मिरजेहून येणारे हिशेबनीस चाचा आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी माइकवर परत परत म्हणत होते आणि अ‍ॅप लाल फुली देत होतं. चाचा डबा झाकत म्हणाले, ‘‘ताई, तुमचा ख जिभेनं अडतोय. अडवू नका, घशातनं घासत येऊ द्या. ख़बर, ख़र्च.’’ मग त्यांनी स्वतः ‘ख़ोता’ म्हटलं आणि पहिल्या झटक्यात हिरवी खूण आली. घरात उर्दू बोलणाऱ्याला हा आवाज आयता मिळालेला असतो. ‘जी’पुढे ई किंवा आय आला तरी हाच आवाज. मेक्सिकोचे लोक आपल्या देशाला ‘मेख़िको’ म्हणतात, तिथे ‘एक्स’लाही तोच.

इथपर्यंत वाचून वाटेल की मराठी माणसाला या अ‍ॅपची गरजच नाही. पहिले दोनेक महिने माझंही तेच मत होतं, विशेषतः स्वरांच्या धड्यांबद्दल. आ, ए, इ, ओ, उ, पाचच स्वर, आणि ते आपल्याकडे आहेत. त्यात शिकायचं काय? पण श्रुतलेखनाऐवजी वाचनाचा सराव सुरू केला तेव्हा मत बदललं. जीभ मराठी असली तरी रोमन अक्षर दिसलं की डोळा इंग्रजी वाचतो. विद्यापीठाचा शब्द समोर आला की तोंडातून ‘युनि’ निघतं, तिथे हवं ‘उनिवेर्सिदाद’. ‘बनाना’ नाही, ‘बानाना’, प्रत्येक ए स्वच्छ ‘आ’, कुठेही ‘अ’ नाही. ही इंग्रजी शाळेत लागलेली सवय मोडायला अ‍ॅपचे स्वरांचे धडे खरोखर कामाचे आहेत. ते मी दोनदा केले.

दुहेरी ‘आर’चा धडाही उत्तम. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, फरक फक्त र थरथरण्याचा. एकेरी र आपला रोजचा. दुहेरीसाठी ‘भर्रकन’, ‘टर्रकन’ म्हणून बघा, जीभ तयार होते. अवघड जातं ते शब्दाच्या सुरुवातीला, कारण ‘रोसा’मध्ये एकच आर लिहिलेला असूनही र थरथरता हवा, आणि मराठीत शब्द असा सुरू होत नाही. अ‍ॅपमधला जिभेच्या टोकाचा व्हिडिओ इथे उपयोगी पडला.

आता ज्यासाठी पैसे भरले ते. अ‍ॅप अक्षरांची नावं फक्त स्पेनच्या पद्धतीने शिकवतं: ‘बी’ला बे, ‘व्ही’ला उवे. स्पॅनिशमध्ये या दोन्ही अक्षरांचा आवाज एकच, त्यामुळे फोनवर नाव लिहून घेताना कुठलं अक्षर हे विचारावंच लागतं. मेक्सिकोच्या बाई म्हणाल्या, ‘‘वे चिका.’’ म्हणजे छोटा वे. ‘बे ग्रांदे’ म्हणजे मोठा बे. इतर काही देशांत ‘बे लार्गा’ आणि ‘वे कोर्ता’ म्हणतात. स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी २०१० च्या शुद्धलेखन ग्रंथात ‘उवे’ हे एकच नाव सुचवलं, पण लोक बोलतात ते बोलतातच. अमेरिका खंडात स्पॅनिश बोलणारे स्पेनच्या कितीतरी पट आहेत आणि सशुल्क अ‍ॅपमध्ये त्यांच्या नावांसाठी एक ओळ नाही, हे मला पटत नाही. बीजकावर एका अक्षराची चूक झाली की बँक कागद परत पाठवते.

तेव्हा घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या. स्वर, दुहेरी आर आणि शब्दाघाताचे धडे उरका; शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि अपवादाला वर तिरकी रेघ, हा नियम तिथे नीट समजतो. बाकीचं देवनागरीत लिहून काढा. आणि पैसे भरल्या दिवशीच यूपीआयच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप कपातीची परवानगी, रद्द करा. फोनवरून अ‍ॅप काढून टाकल्याने कपात थांबत नाही.