‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ : नसलेल्या परवान्यावर होणारी फसवणूक

‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ अशी पाटी लावणारा डिटेक्टिव्ह पहिल्याच ओळीत खोटं बोलत असतो. खासगी गुप्तहेराला परवाना देणारं खातं आपल्या देशात नाहीच. केंद्रात आणि प्रत्येक राज्यात नियामक मंडळं नेमून परवाने द्यायचे, असं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पुढे ते मागेही घेतलं गेलं. म्हणजे आज कुणीही उठून या धंद्याची पाटी लावू शकतो. ते बेकायदेशीर नाही. पण ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ म्हणणारा नक्की काय दाखवतो, ते नीट बघायला हवं.

कल्याण-डोंबिवलीकडचं एखादं कुटुंब धरा. मुलीला स्थळ आलंय, साखरपुडा तीन आठवड्यांवर आहे आणि मुलाबद्दल कुणीतरी काहीतरी कानावर घातलंय. वडील मोबाइलवर शोधतात आणि वर दिसलेल्या पहिल्या जाहिरातीला फोन लावतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्यापुढे प्लास्टिकची फाइल ठेवली जाते. आत गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची), जीएसटीचा कागद, आयएसओ प्रमाणपत्र आणि ‘पसारा लायसन्स’. शिक्के खरे, कागदही बहुधा खरे. पण यातला एकही कागद तपासाचं काम करायची परवानगी देत नाही. गुमास्ता दुकानालाही मिळतो. उद्यम नोंदणी स्वतःच भरलेल्या माहितीवर फुकट होते. आयएसओचं प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीबद्दल असतं, तो सरकारी परवाना नव्हे. पसारा म्हणजे २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा. तो वॉचमन, गार्ड पुरवणाऱ्यांसाठी आहे, कुणाच्या मागे माणूस लावण्यासाठी नाही. बँक-बाजारात वावरलेली माणसंसुद्धा या फाइलला भुलतात, कारण तिथे काहीतरी सरकारी दिसतं आणि घरात वेळ कमी असतो.

त्या फाइलमधला जीएसटी क्रमांक मात्र कामाचा आहे. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. सहावं अक्षर बघा : ‘पी’ असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी. पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या जागी ‘पी’, तर तिथूनच उठावं. जीएसटीच्या साइटवर करदाता शोधून नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द झालीय, हे दोन मिनिटांत दिसतं. ‘२५ वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली, तर बाकीचे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुचतील.

खरी फसवणूक पैसे भरल्यावर सुरू होते. समजा साठ हजार ठरले आणि निम्मे अ‍ॅडव्हान्स गेले. चार दिवसांनी फोन : ‘मुलगा खूप सावध आहे, अजून दोन माणसं लावावी लागतील.’ मग गाडीचं भाडं, मग हॉटेलचा खर्च. त्यासोबत कॅफेबाहेर उभ्या असलेल्या एका पाठमोऱ्या माणसाचा फोटो येतो. कुटुंब थकत आलं की मुख्य प्रस्ताव पुढे येतो : ‘सीडीआर काढून देतो, सगळं स्पष्ट होईल.’

इथे हो म्हटलं की माणूस अडकला. सीडीआर म्हणजे कुणी कुणाला, कधी, किती सेकंद फोन केला आणि कुठल्या टॉवरवरून, याची नोंद. ती मोबाइल कंपनीकडून मागवण्याचा अधिकार ठरावीक दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला आहे, कुठल्याही डिटेक्टिव्हला नाही. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी असे रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकणारी साखळी उघडकीस आणली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी डिटेक्टिव्ह होते. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ नुसार असा डेटा बेकायदा मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सांगून करवून घेणाराही मोकळा राहत नाही. पुष्कळदा तर हाती येणारी एक्सेल शीटच बनावट असते. त्या मुलाने ज्या संध्याकाळी तुमच्याच घरी फोन केला होता, तो कॉल यादीत सापडत नाही.

आता उरलेले पैसे द्यायला वडील कां-कूं करतात, तेव्हा उत्तर येतं : ‘रेकॉर्ड तुम्ही मागवलंत, तुमचे मेसेज माझ्याकडे आहेत. मुलाकडच्यांना सांगू का?’ बहुतेक कुटुंबं इथे गप्प बसतात आणि पैसे देतात. आपला हात अडकलाय या भीतीवरच हा सगळा धंदा चालतो. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकणं, परक्याच्या गाडीला जीपीएस चिकटवणं, घरात कॅमेरा लपवणं, यांचाही सापळा असाच.

घटस्फोटाच्या प्रकरणांत आणखी एक थाप चालते. पती-पत्नीने एकमेकांचं संभाषण रेकॉर्ड केलं असेल तर ते पुरावा म्हणून विचारात घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. त्याचा अर्थ ‘आता सगळं चालतं’ असा सांगितला जातो. तो निकाल जोडीदारांमधल्या संभाषणापुरता आहे. तिसऱ्याने चोरून टॅप केलेल्या फोनला त्याचा आधार मिळत नाही. शिवाय फोटो, व्हिडिओ कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एकावर उपकरण हाताळणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक. ज्याने शूटिंग केलं तो माणूस साक्षीलाही उभा राहावा लागतो. एजन्सी हे आधी सांगत नाही. पूर्ण पैसे गेल्यावर ‘शूटिंग करणारा मुलगा नोकरी सोडून गेला’ असं ऐकू येतं, आणि पेन ड्राइव्ह कपाटात पडून राहतो.

म्हणून करार आधी हवा, महाराष्ट्रात ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. त्यात कामाचे दिवस, एकूण रक्कम, खर्चाची कमाल मर्यादा, प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव, कलम ६३ चं प्रमाणपत्र व साक्षीची जबाबदारी, आणि ‘कोणताही बेकायदा मार्ग वापरला जाणार नाही’ हे वाक्य. शेवटचं वाक्य लिहायला जो नकार देतो, त्याला काम देऊ नका. पैसे जीएसटी बिलावर, धंद्याच्या खात्यात. ऑफिसातल्या बाईंच्या किंवा ड्रायव्हरच्या यूपीआयवर कधीच नाही.

लग्नाच्या चौकशीतलं बरंचसं तर घरबसल्या होतं. ई-कोर्ट्सवर पक्षकाराचं नाव, वर्ष आणि जिल्हा टाकून खटले शोधता येतात. नावाची स्पेलिंगं बदलून बघा, आडनाव आधी टाकूनही. फ्लॅटचा दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स २ (दस्ताचा सारांश) मध्ये सापडतो, गावाकडची जमीन सातबाऱ्यावर. पदवीची खात्री विद्यापीठ करून देतं. डिटेक्टिव्हने कायद्यात राहून करायचं काम यापुढचं आहे : शेजारीपाजारी, ऑफिस, सार्वजनिक जागेतली पाळत.

मुलगा अमेरिकेत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक राज्यांत हा व्यवसाय परवान्यावर चालतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी वेगळं खातं आहे, न्यू जर्सीत परवाना राज्य पोलिस देतात. दादरची एजन्सी ‘आमचा तिकडचा माणूस’ म्हणाली, तर त्या माणसाचा राज्याचा परवाना क्रमांक मागा आणि त्या खात्याकडून पडताळून घ्या. क्रमांक मिळत नसेल तर तिकडे माणूसच नाही असं समजा.

पैसे गेलेच असतील तर चॅट पुसू नका, त्यात चुकीची मागणी तुमची असली तरी. आधी फौजदारी वकिलाला सगळं खरं सांगा. ऑनलाइन रक्कम गेली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून यूटीआर क्रमांक (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक) द्या. तिथे तास मोजले जातात. धमकी आली असेल तर पोलिस ठाण्यात फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि खंडणीसाठी ३०८, दोन्हींचा उल्लेख अर्जात करा आणि पोच घ्या. काम अर्धवट टाकलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.