तापात फिट आली, ईईजी लगेच करायचा की थांबायचं?

आपल्याकडे सांगलीत पोराला तापात आकडी आली की पाहुण्यातलं कुणीतरी म्हणतंच, मिरजेला न्या आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख) काढून टाका, एकदा डोक्यातली शंका गेली पाहिजे. पण शंका जातच नाही ना त्याने!

आधी फिट कसली होती ते बघा. वय 6 महिने ते 5 वर्षं, सगळं अंग ताठ होऊन झटके, 15 मिनिटांच्या आत थांबली, 24 तासात परत नाही आणि पोरगं एरवी ठणठणीत, तर ती साधी. इथे माझं मत सरळ आहे, करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये हेच सांगितलंय. टेस्ट दुखत नाही, नुसत्या वायरी चिकटवतात, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पुढे मिरगी होणार नाही असं नाही आणि थोडा गडबड आला म्हणून होईल असंही नाही. त्यात फिटनंतर लगेच काढला तर लाटा तशाही संथ दिसतात, आणि एकदा कागदावर ॲबनॉर्मल लिहून आलं की आजीपासून सगळ्यांची झोप उडाली, वर नको असताना रोजच्या गोळ्या सुरू व्हायची भीती. साध्या फिटनंतर मिरगीचा धोका 100 मध्ये 1-2, बाकी पोरांनाही तो 1 च्या आसपास असतोच. तापात परत फिट मात्र 10 पैकी 3 मुलांना येते, ती म्हणजे मिरगी नव्हे.

फिट एकाच बाजूला आली, लांबली, 24 तासात परत आली किंवा पोर बोलण्या-चालण्यात मागे असेल तर धोका काही पटीने वाढतो, तेव्हा मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारून करा. बिनतापाची फिट आली तर मात्र कराच, तिथे ईईजी खरंच कामाचा.

अजून एक, मेंदूज्वर आहे का ते ईईजीत कळत नाही. मान ताठ, गुंगी उतरत नाही किंवा पोर वर्षाच्या आतलं असेल तर आधी ते तपासून घ्या, बाकी सगळं नंतर.

घरी परत आली तर कुशीवर झोपवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. 5 मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर 108.